पाण्याजवळचा कॅमेरा : छायालेखक अविनाश अरुण

मराठी सिनेमाचं कुठलंही परीक्षण काढून बघा. कथेवर दोन परिच्छेद, अभिनयावर तीन, संगीताला अर्धा, आणि जाता जाता एक ओळ : 'छायाचित्रण नेत्रसुखद आहे.' संपलं. सिनेमा ज्याच्या डोळ्यांतून आपण पाहिला, त्याच्या वाट्याला एवढंच. आज आम्हाला या ओळीशी भांडायचं आहे. त्यासाठी आम्ही अविनाश अरुण यांचं काम निवडलंय, कारण ही ओळ त्यांच्या वाट्याला जरा जास्तच आली.

खडकवासल्यात हे बोलायला एक सोय आहे. धरण इथून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यातल्या रविवारी चौपाटीवर काय चालतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. एका हातात कणीस, दुसऱ्या हातात फोन, आणि सगळ्यांच्या फोनमध्ये तोच फोटो : पाणी, ढग, मागे डोंगर. फोटो चांगलाच येतो, पाणी कुणालाच निराश करत नाही. पण १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही गेली आणि खाली पुणं बुडालं, हे त्या फोटोत कुठे असतं? पाणी सुंदर दिसणं फुकट मिळतं. ते पाणी कुणाचं काय लागतं, हे दाखवायला छायालेखक लागतो.

अविनाश अरुण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधले. म्हणजे जुन्या प्रभातच्या आवारातले. त्या प्रभातच्या भागीदारांपैकी केशवराव धायबर मुळात कॅमेऱ्याचे, आणि पुढे दिग्दर्शक झाले. तेव्हा कॅमेरामनने दिग्दर्शनाकडे वळणं ही आपल्याकडे काही नवलाई नाही.

आता २०१५ सालचा उन्हाळा सरतानाच्या तारखा बघा. २६ जूनला 'किल्ला' लागला. दिग्दर्शन त्यांचं, कॅमेराही त्यांचाच. २४ जुलैला नीरज घेवान यांचा 'मसान'. ३१ जुलैला निशिकांत कामत यांचा 'दृश्यम'. पाच आठवड्यांत तीन चित्रपट! पहिल्याला बर्लिनच्या बालपरीक्षकांनी आदल्या वर्षी क्रिस्टल बेअर दिलं होतं, शिवाय सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. दुसऱ्याला कानमध्ये दोन पुरस्कार. तिसरा अजय देवगणचा. स्वतंत्र सिनेमाच्या छायालेखकाची कारकीर्द आपल्याकडे कशी चालते, ते या पाच आठवड्यांत दिसतं. स्वतःच्या गोष्टीवर घर चालत नाही, म्हणून दुसऱ्यांच्या गोष्टी टिपायच्या. त्यात आम्हाला काही कमीपणा वाटत नाही.

'किल्ला' पासून सुरुवात करू. अकरा वर्षांचा चिन्मय, वडील गेलेले, आईची सरकारी नोकरी, आणि बदली पुण्याहून कोकणात. गुहागरच्या बाजूचं चित्रण, सगळीकडे पाऊस. इथे थोडं तंत्राचं बोलतो. पडद्यावर पाऊस आपोआप दिसत नाही. उजेड समोरून पडला तर सर जवळजवळ नाहीशी होते. उजेड मागून आला, किंवा मागे काहीतरी काळोखं असलं, तरच थेंब उठून दिसतो. ढगाळ उजेडाला सावली नसते, त्यामुळे सकाळ-दुपार सारखीच दिसते, पण ढग फाटला की तीच चौकट दुसऱ्या दिवसाची वाटायला लागते. मग थांबायचं. कमी पैशांच्या सिनेमात थांबणं हीच सगळ्यात महाग गोष्ट. 'किल्ला' बघताना कुणीतरी थांबल्याचं जाणवतं. ही आमची पहिली दाद.

मुलं सायकली हाणत किल्ल्यावर जातात, पाऊस येतो, मित्र निघून जातात आणि चिन्मय मागे राहतो, तो प्रसंग आठवा. भिंती मोठ्या, मुलगा लहान. वडील नसणं म्हणजे काय, हे तिथे संवादाशिवाय समजतं. पुढे तो एका मासेमाऱ्याबरोबर होडीतून समुद्रात जातो, तिथेही तसंच. पोराचं दुःख पाण्याकडे सोपवलं जातं आणि पाणी ते सांभाळतं.

आता तक्रार. पाणी ते फारच चटकन सांभाळतं. आईची गोष्ट बघा. अमृता सुभाषने केलेली ही बाई विधवा आहे, नव्या गावात एकटी आहे, आणि कचेरीत तिच्यावर दबाव येतोय. सिनेमातला सगळ्यात अवघड पेच तिचा आहे. पण कचेरीच्या खोलीत कॅमेऱ्याचं कुतूहल उतरतं. समुद्रासमोर तो जितका रेंगाळतो, तितका त्या टेबलासमोर, फायलींसमोर रेंगाळत नाही. आमच्या मते 'किल्ला'ची ही खरी मर्यादा आहे, आणि 'नेत्रसुखद'वाल्यांना ती दिसली नाही. कशी दिसणार? डोळे सुखावलेले होते ना!

'मसान'मध्ये मात्र त्याच माणसाचं पाणी बदलतं. बनारसची गंगा म्हणजे पोस्टकार्डांची राणी. पण इथे ती कामाची जागा आहे. घाटावर प्रेतं जाळणाऱ्या घरातला दीपक, आणि नाणी काढायला बुड्या मारणारी पोरं. दीपकची आवडती मुलगी अपघातात जाते, तिचं प्रेत त्याच्याच घाटावर येतं, अंगठीवरून तो तिला ओळखतो. पुढे ती अंगठी तो नदीत फेकतो आणि लगेच तिच्यामागे उडी घेतो. ती अंगठी शेवटी एका बुडी मारणाऱ्या पोराला सापडते आणि कुणाच्या तरी देण्याच्या कामी येते. नदी इथे सांत्वनाला येत नाही. घेते, आणि भलत्यालाच परत देते. रात्रीच्या घाटावर चितांचा उजेड चेहऱ्यांवर पडतो, तेव्हा 'वा, काय फ्रेम' असं तोंडातून निघत नाही. हे श्रेय घेवान आणि वरुण ग्रोवर यांच्या पटकथेचंही आहे, नक्कीच. पण पाठोपाठ लागलेल्या दोन सिनेमांत छायालेखकाने पाणी दोन तऱ्हांनी पाहिलं, हे नोंदवायला हवं.

'दृश्यम', 'मदारी', 'हिचकी', 'कारवां' याबद्दल फार बोलत नाही. ही नीट केलेली कामं आहेत. 'दृश्यम'मध्ये कोण कुठे होतं आणि कुणी काय पाहिलं यावर गोष्ट उभी आहे, म्हणून कॅमेरा हिशेबनिसासारखा स्वच्छ राहतो. २०२०मध्ये 'पाताल लोक'चं दिग्दर्शन प्रोसित रॉय यांच्यासोबत केलं, ती वेगळी वाट, तिच्यावर वेगळं व्याख्यान होईल.

मग 'थ्री ऑफ अस', २०२३चा नोव्हेंबर. पुन्हा कोकण, पुन्हा दिग्दर्शन आणि कॅमेरा दोन्ही. मुंबईतली शैलजा, तिची स्मृती हळूहळू पुसली जातेय. पुसली जाण्याआधी तिला वेंगुर्ल्याला जायचंय, शाळेची काही वर्षं जिथे गेली तिथे. नवरा बरोबर, आणि तिथे बालपणीचा मित्र प्रदीप कामत. समुद्र आहे, हिरवं आहे, सगळं आहे. पण या वेळी दुःख सोपवायला ते वापरलेलं नाही. सगळ्यात नाजूक बोलणं होतं ते जत्रेतल्या उंच पाळण्यात. दोन माणसं शेजारी बसलेली, बाहेर रात्र, आणि कॅमेरा शेफाली शाह आणि जयदीप अहलावत यांच्या चेहऱ्यांवर. समुद्र दाखवायचा मोह तिथे टाळलाय. ज्या बाईला उद्या ही जागाच आठवणार नाही, तिच्या सिनेमात जागेचं कौतुक किती करायचं, याचा विचार झालेला दिसतो. नवऱ्याकडेही बघा. स्वानंद किरकिरे चौकटीच्या कडेला असतात आणि तरी विसरले जात नाहीत. 'किल्ला'त आईला जे मिळालं नाही, ते इथे या नवऱ्याला मिळालं, असं आम्हाला वाटतं. या छायालेखनाला फिल्मफेअर मिळालं, योग्यच झालं.

पण एक गोष्ट खुपते, ती बोलायलाच हवी. वेंगुर्ल्यातली माणसं, घरातल्या घरात, बहुतेक वेळ हिंदी बोलतात. कामत नावाचा बँक मॅनेजर आणि त्याची बायको स्वयंपाकघरात कुठल्या भाषेत बोलतील? कॅमेऱ्याला त्या गावातल्या उजेडाचा पोत माहीत आहे, आणि कानाला मात्र गाव परकं होतं. पैसा कुठून येतो हे आम्हाला कळतं. 'किल्ला'सारखा मराठी सिनेमा नावाजला जातो, त्याच्या कर्त्याला पुढची गोष्ट सांगायची असते, आणि ती सांगायला लागणारा पैसा हिंदीत असतो. पुणेकर-मुंबईकर तिकीट काढून मराठी सिनेमाला किती जातात, हे या खोलीत हात वर करून विचारलं तर आपलीच पंचाईत होईल. म्हणून विचारत नाही.

आता बोलणं पुरे. पडद्यावर दोन तुकडे लावतो : 'किल्ला'मधला कचेरीचा एक प्रसंग, आणि लगेच 'थ्री ऑफ अस'मधला पाळणा. आवाज बंद ठेवणार आहोत. फक्त कॅमेरा माणसापासून किती लांब उभा आहे आणि किती वेळ उभा आहे, तेवढं बघा. मागच्या रांगेतल्यांनी दिवे घालवा.