दुसरी मूठ भरली तर?

दहावीच्या गणिताच्या २०१८ साली आलेल्या पाठ्यपुस्तकात संभाव्यता आणि सांख्यिकी ही प्रकरणे एकापाठोपाठ येतात. शेजार आहे, पण बोलचाल नाही. पहिल्यात नाणी आणि फासे, दुसऱ्यात मध्य, मध्यक, बहुलक आणि आलेख. मांडणी नीटस आहे. परंतु एक प्रश्न राहून जातो : ज्या पन्नास घरांची माहिती घेतली, त्यांच्याऐवजी दुसरी पन्नास निवडली असती, तर उत्तर तेच आले असते का?

हा प्रश्न वगळला की सांख्यिकी म्हणजे नुसता हिशेब उरतो. प्रयोगशाळेत आम्ही कोणतेही मापन 'अधिक-उणे' लिहिल्याशिवाय पुरे मानत नाही. शाळेत मात्र '३४.७' आले की उत्तराखाली दोन रेघा ओढून विद्यार्थी मोकळा होतो. तोच पुढे वर्तमानपत्रात 'त्रुटीची मर्यादा ३ टक्के' असे वाचतो, तेव्हा कोणीतरी चूक कबूल केली आहे असे त्याला वाटते.

हा गैरसमज घालवायला आधी सूत्र नको, पिशवी हवी. तिच्यात एकाच आकाराचे ६०० लाल आणि ४०० पांढरे मणी घाला. प्रत्येक मुलाने न पाहता २० मणी काढावेत, लाल मोजावेत, मणी परत टाकून पिशवी हलवावी. चाळीस मुलांच्या वर्गात बहुतेकांचे लाल मणी ८ ते १६ निघतील. म्हणजे ४० ते ८० टक्के! मोजण्यात कोणीही चुकलेले नाही. आता चौघाचौघांचे आकडे एकत्र करा. ८० मण्यांच्या या नमुन्यांत पसारा साधारण ४९ ते ७१ टक्क्यांवर येईल. नमुना चौपट, पसारा निम्मा. मग सूत्र सांगा : १ भागिले नमुनासंख्येचे वर्गमूळ. हजार माणसांच्या पाहणीला हे सुमारे ३ टक्के येते. शंभरांतले निदान ९५ नमुने खऱ्या उत्तराच्या एवढ्या अंतरात पडतात.

येथेच थांबलो तर मात्र अर्धेच शिकवले. दुसऱ्या दिवशी लाल मणी मोठे घ्या. हाताला मोठे मणी अधिक लागतील, सगळ्या वर्गाची उत्तरे एकाच बाजूला झुकतील आणि मूठ कितीही मोठी केली तरी झुकाव जाणार नाही. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाचे हेच झाले. त्यांच्याकडे वीस लाखांहून अधिक मतपत्रिका परत आल्या होत्या. सूत्राने त्रुटी ०.१ टक्क्याहूनही कमी. अंदाज होता की रूझवेल्ट यांना ४३ टक्के मते पडतील. मिळाली सुमारे ६१ टक्के. पत्ते टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांतून घेतले होते, आणि उत्तर पाठवण्याची तसदीही काहींनीच घेतली होती.

पहिली त्रुटी योगायोगाची, दुसरी निवडीची. '३ टक्के' हा आकडा फक्त पहिलीबद्दल बोलतो. हा भेद न कळलेला नागरिक एकतर प्रत्येक पाहणीवर विश्वास ठेवतो किंवा सगळ्याच खोट्या मानतो.

अभ्यासक्रम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर पुस्तकातले प्रत्येक उदाहरण सोडवून झाल्यावर दोन प्रश्न जरूर विचारावेत : हा नमुना कसा निवडला? आणि दुसरी मूठ भरली असती तर?