ख्रिस्तायनाचा उत्तरभाग

मराठी भक्तिकवितेत व्याकूळ होतो तो प्रायः भक्त. देव विटेवर वाट पाहतो, जनाबाईंसोबत दळतो, चोखोबांबरोबर मेलेली ढोरे ओढतो. पण तो भक्तासाठी मरत नाही. ख्रिस्ती भक्तीचा सारा भार देवाच्या मरणावरच आहे. त्या वेदनेला मराठी कवीने कोणत्या भावाने सामोरे जावे, हा प्रश्न आपल्या वाङ्मयात सतराव्या शतकापासून आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. बेंगळुरूतून २००९ मध्ये निघालेली, नेल्सन फलकाव यांनी सिद्ध केलेली त्याची आवृत्ती जयनगरच्या माझ्या अभ्यासिकेत हाताशी असते. स्टीफन्स यांचा श्रोता पुराणश्रवणाला बसलेला आहे. क्रूसाची कथा ऐकून तो द्रवतो. करुण हा श्रेष्ठ रस खराच, परंतु त्यात ऐकणारा सुरक्षित राहतो.

ना. वा. टिळकांपाशी ही सुरक्षितता संपते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने वारकऱ्यांचे ‘माउली’ हे संबोधन ख्रिस्ताला दिले आणि प्रश्नच बदलला. आईने सोसलेल्या कळांविषयी लेकराला करुणा वाटत नाही. ऋण वाटते, आणि ते फिटत नाही. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला, तो मला याच ऋणभावाचा आचारातील आविष्कार वाटतो.

मात्र या प्रतिसादाचे मोल एकट्या टिळकांनी दिले नाही. धर्मांतरापूर्वी लक्ष्मीबाईंना कोणी विचारले नव्हते. दैवी प्रेमाच्या हाकेला पतीने ओ दिली आणि पत्नीच्या वाट्याला काही वर्षांची ताटातूट आली. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, सोवळ्याओवळ्याचा पेच आपल्या बुद्धीने सोडवून. ‘स्मृतिचित्रे’त हा काळ त्या अश्रूंचे भांडवल न करता सांगतात. आपल्या समीक्षेने त्यांच्या विनोदाची वाखाणणी करता करता या संयमाकडे मात्र फारसे लक्ष दिले नाही.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ आरंभीच्या काही अध्यायांवरच थांबले. १९१९ मध्ये ते गेले. उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे जन्मकथेचा प्रसन्न आरंभ टिळकांचा, आणि क्रूसाची वाट लक्ष्मीबाईंच्या वाट्याची. काव्यगुणांच्या तराजूत टिळकांचे पारडे जड ठरेल, हे मान्य करावयास हवे. लक्ष्मीबाईंची ओवी साधी, घरगुती आहे. तिच्यात आर्जव कमी, कथन अधिक. परंतु सोसण्याविषयी लिहिताना हे उणेपणच मला विश्वसनीय वाटते. दुःखाची ज्याला सवय आहे, तो त्याला फारशी विशेषणे लावीत नाही.

शुभवर्तमानांत शिष्य पांगल्यावरही काही स्त्रिया क्रूसाकडे पाहत उभ्या राहतात. तेथे त्या काही बोलत नाहीत. मराठीत त्या प्रसंगाची कथा सांगण्याचे काम आले ते लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या एका स्त्रीकडे.