प्रश्नावलीची मराठी आणि दुःखाची मराठी : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये मराठवाडा व विदर्भातील 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ हा शेतकरी समुपदेशन कार्यक्रम सुरू केला. हिंगोली जिल्ह्याचा त्यात समावेश होता. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन तणावग्रस्त व्यक्ती हुडकावी व तिला उपचारापर्यंत पोहोचवावे, ही त्यामागील कल्पना निश्चितच स्वागतार्ह होय. तथापि, उंबरठ्यावर विचारलेला प्रश्न कोणाच्या भाषेतला असतो, याचा विचार अशा उपक्रमांच्या चर्चेत पुरेसा होत नाही.

नैराश्य मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची मापनश्रेणी 2001 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिचे मराठी भाषांतर करणे अवघड नाही. अडचण भाषांतरानंतर सुरू होते. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही काय, हा तिचा पहिला प्रश्न. वसमतच्या शिवारात हळद काढणीला जाणाऱ्या मजूर स्त्रीला कामातील रसाविषयी आजवर कोणी विचारलेलेच नसते. पुढे झोपेचा प्रश्न येतो. वीज रात्री येते म्हणून मध्यरात्री पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याची झोप आजाराने मोडली की वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकाने, हे गुणांची बेरीज कशी सांगणार?

याउलट ‘जीव घाबरतो’, ‘डोके जड पडते’, ‘करमत नाही’ या तक्रारींना शून्य ते तीन गुणांच्या रकान्यांत जागाच नाही. गोव्यात विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास या दृष्टीने उद्बोधक ठरतो. अंगावरून पांढरे जाण्याच्या स्त्रियांच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताणाशी अधिक असल्याचे त्यात आढळले. म्हणजेच दुःख सांगितले जात होते. ऐकणारा मात्र ते स्त्रीरोगाच्या वहीत नोंदवीत होता. जिल्ह्यातील बंजारा तांड्यांवर घरची भाषा गोरबोली असल्याने तेथे प्रमाण मराठीतील प्रश्नही परकाच ठरतो.

लोकभाषेचा आग्रह म्हणजे देवऋषीचे समर्थन नव्हे. 2001 मध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडाने बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत जळून मेले, हे संस्कृतीचे गोडवे गाणाऱ्यांनी विसरू नये.

अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमात गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या साहाय्याने उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांपर्यंत गेले. गावातलाच माणूस उपयोगी पडतो, हे यातून सिद्ध होते. परंतु त्याच माणसापुढे अब्रू झाकावी लागते, हेही तितकेच खरे. थकलेले कर्ज, नवऱ्याची दारू, मुलीचे अडलेले लग्न या गोष्टी पाणवठ्यावर रोज भेटणाऱ्या शेजारणीला सांगणे सोपे नसते. तिला ‘समदं बरं हाय’ हेच उत्तर मिळते. अशा वेळी शेजारच्या गावची कार्यकर्ती अधिक ऐकू शकेल. मात्र तुटपुंज्या मोबदल्यावर राबणाऱ्या आशा कार्यकर्तीने ही पायपीट पदरमोड करून करावी, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल.