कॉर्ब्रिजच्या पेटीतलं चिलखत

रोमन सैनिक म्हटला की लोखंडी पट्ट्यांचं चिलखत डोळ्यांसमोर येतं. हे चित्र प्रामुख्याने रोममधल्या इ.स. 113 च्या ट्राजन-स्तंभाने रुजवलं. स्तंभावरचे पट्टे देखणे आहेत, पण ते एकमेकांना कसे धरून राहत, हे त्यावरून कळत नाही. ते कळलं उत्तर इंग्लंडमधल्या कॉर्ब्रिजला 1964 मध्ये सापडलेल्या एका लाकडी पेटीमुळे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ती जमिनीत पुरलेली होती.

पेटीत भाल्यांची पाती, हत्यारं, पपायरसचे तुकडे आणि गंजून एकमेकांना चिकटलेली चिलखतं होती. आतल्या बाजूने पट्टे पेलणारे चामड्याचे पट्टे कधीच कुजले होते; पण रिव्हेट जागच्या जागी होते आणि गंजात चामड्याच्या खुणा उरल्या होत्या. त्यांच्या आधारे लंडन टॉवरच्या शस्त्रागारातले रसेल रॉबिन्सन यांनी हे चिलखत पुन्हा उभं केलं.

एरवी उत्खननात सापडतो तो एखादाच तुकडा, आणि त्यावरून प्रकार ओळखायचा असतो. रिव्हेट मारलेल्या आणि अखंड कड्यांच्या एकाआड एक ओळी दिसल्या, तर ते जाळीचं चिलखत. भोकं पाडलेले, तारेने शेजाऱ्याशी जोडलेले छोटे पत्रे म्हणजे खवल्यांचं. फुलाच्या पाकळीसारख्या गोलाईची पितळी बिजागरी हाती आली, तर ते पट्ट्यांचं, कॉर्ब्रिज प्रकारातलं. त्यातही वरचा आणि खालचा भाग बकलांनी जोडलेला असला तर एक उपप्रकार, आकड्यांनी जोडलेला असला तर दुसरा. जेम्स कर्ल यांनी स्कॉटलंडमधल्या न्यूस्टेडला उकरून काढलेल्या चिलखतात जोडकाम आणखी साधं आणि दणकट झालेलं दिसतं. उलट इ.स. 9 च्या लढाईशी जोडल्या जाणाऱ्या जर्मनीतल्या काल्क्रीझला 2018 मध्ये मिळालेलं चिलखत या परंपरेचं फार जुनं रूप दाखवतं.

मला या पेटीत सर्वात मोलाच्या वाटतात त्या डागडुजीच्या खुणा. नाजूक पितळी बिजागरी तुटली की नवी बसवण्याऐवजी काही ठिकाणी पत्रे थेट रिव्हेटने जोडून टाकले आहेत. हलणारा सांधा गेला, चिलखत मात्र कामाला राहिलं. सीमेवरच्या छावणीत कुण्या कारागिराने घेतलेला हा निर्णय आजही हाताने चाचपता येतो. न्यूस्टेडच्या रचनेतल्या साधेपणामागची गरजही इथेच दिसते: बिजागऱ्या वारंवार तुटत होत्या.

स्तंभाने सम्राटाला हवं होतं ते सैन्य दाखवलं. पेटीने प्रत्यक्षात होतं ते. रोमन सैनिक कसा जगला हे जाणून घ्यायचं असेल, तर संग्रहालयात पुतळ्यांपाशी थोडं कमी आणि मोडक्या बिजागऱ्यांच्या कपाटापाशी थोडं जास्त थांबावं.