इतारचा दुसरा अहवाल

ज्या मुलाची वाढ मागे पडली आहे अशा मुलाविषयी कोणी काही लिहावयास बसला, की शेवटच्या प्रकरणात काहीतरी चमत्कार घडलाच पाहिजे, अशी आपल्या वाचकांची, आणि त्याहूनही अधिक आपल्या लेखकांची, समजूत होऊन बसली आहे. या समजुतीस उतारा म्हणून आम्ही एक दोनशे वर्षांपूर्वीचे फ्रेंच लिखाण वाचकांपुढे ठेवू इच्छितो. जाँ मार्क गास्पार इतार या तरुण वैद्याने १८०१ व १८०६ साली लिहिलेले हे दोन अहवाल होत.

१८०० सालच्या जानेवारीत दक्षिण फ्रान्समधील आव्हेराँ प्रांतात एक अकराबारा वर्षांचा, रानात वाढलेला मुलगा लोकांच्या हाती लागला. त्यास पॅरिसला आणण्यात आले. पिनेल हा त्या काळचा मनोविकारांचा थोर वैद्य. त्याने मुलास तपासून तो मतिहीन असल्याचा निर्वाळा दिला. बहिऱ्यामुक्यांच्या शाळेत वैद्य असलेल्या इतारला हे पटेना. मूल मतिहीन नव्हे, त्यास माणसाचा सहवासच मिळालेला नाही, असा पक्ष धरून त्याने त्यास शिकविण्याचे पतकरले व त्याचे नाव व्हिक्टर ठेवले. (दोघांत कोण बरोबर, हा वाद अजून मिटलेला नाही. अलीकडील काही अभ्यासकांनी व्हिक्टरच्या ठिकाणी स्वमग्नतेची लक्षणे पाहिली आहेत; पण दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदावरून रोगनिदान करण्याचा उद्योग आम्हांस फारसा रुचत नाही.)

पहिल्या अहवालात उत्साह ओसंडून वाहत आहे. दुधास फ्रेंचमध्ये जो शब्द आहे तो व्हिक्टर उच्चारतो. पण दूध हाती पडल्यावर, मागताना नव्हे. इतार निराश होतो: हा शब्द गरजेचा नव्हे, केवळ आनंदाचा उद्गार! पुढे त्याच शब्दाची चार धातूची अक्षरे जुळविण्यास तो व्हिक्टरला शिकवितो. काही दिवसांनी एका घरी रोजच्याप्रमाणे दूध प्यावयास जाताना हा मुलगा ती चार अक्षरे आपण होऊन खिशात घालून नेतो, आणि तेथे मेजावर मांडून दाखवितो. जे तोंडाने साधले नाही ते हाताने साधले. आजचे शिक्षक ज्या मुलास वाचा फुटत नाही त्यास चित्रांच्या पाट्या देतात, त्या रीतीचे बीज आम्हांस या खिशात दिसते. इतार मात्र येथे थांबत नाही. वाचा म्हणजेच बुद्धी या ग्रहाने तो वर्षानुवर्षे मुलाच्या जिभेमागे लागतो. इतकेच नव्हे, तर आरडाओरडा थांबविण्यासाठी त्यास उंच खिडकीबाहेर धरल्याचेही तो लिहितो. ते वाचताना अंगावर काटा येतो.

दुसरा अहवाल याहून श्रेष्ठ आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे, जरी पुष्कळांनी तो अपयशाचा कबुलीजबाब म्हणून बाजूस सारला आहे. व्हिक्टर बोलला नाही, हे इतार लपवीत नाही. परंतु अक्षरे, वस्तूंची नावे, घरातील कामे यांत जे थोडे थोडे साधले तेही तो मोजून मांडतो. या मुलाची तुलना दुसऱ्या मुलांशी न करता त्याच्याच पूर्वीच्या स्थितीशी केली पाहिजे, हा त्याचा आग्रह. आमच्या घराघरांत दर परीक्षेच्या निकालानंतर शेजारच्या मुलाचे गुण विचारले जातात, तेथे हे एक वाक्य पुरेसे पचले तरी पुष्कळ झाले.

आणि याच अहवालात गेराँबाई आहेत. व्हिक्टरचे जेवण, आंघोळ, फिरणे, त्याचे रुसणे व त्याचे आजारपण हे सर्व या बाईंकडे होते. इतारच्या लेखणीत त्यांस फार थोडी जागा मिळाली आहे. तरी जे सर्वांत हृदयस्पर्शी चित्र आहे ते त्यांच्याच स्वयंपाकघरातले. पानाची मांडामांड करणे हे व्हिक्टरचे काम. गेराँबाईंचे यजमान वारले. त्या दिवशी त्याने नेहमीप्रमाणे त्यांचेही पान मांडले. बाईंना रडू कोसळलेले पाहताच त्याने ते पान उचलून ठेवले, व पुन्हा कधी मांडले नाही. ज्यास एक वाक्य बोलता आले नाही त्याचे हे समजणे कोणत्या परीक्षेत बसवावयाचे?

आता आपल्याकडे पाहू. २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’ या हिंदी चित्रपटाने घरोघरी आईबापांचे डोळे उघडले, हे त्याचे ऋण आम्ही मान्य करतो. त्यातील ईशानला वाचनाची अडचण आहे, सर्वांगीण विलंब नव्हे. तरी प्रश्न तोच. शेवटी चित्रकलेच्या स्पर्धेत त्याचा पहिला नंबर यावाच का लागला? ज्यास चित्र काढता येत नाही, अक्षरही येत नाही, त्याने प्रेक्षकांच्या अश्रूंवर कोणता हक्क सांगावा? फ्रेंच दिग्दर्शक त्र्युफो याने १९७० साली व्हिक्टरवर चित्रपट काढला व इतारची भूमिका स्वतः केली. त्याने हा मोह टाळला: पळून गेलेला मुलगा परत येतो, आणि धडे पुन्हा सुरू व्हावयाचे आहेत, एवढ्यावर चित्रपट संपतो. आम्हांस हा शेवट फार आवडतो.

ज्या बालमंदिरात आपण अभिमानाने मुले घालतो तेथील दट्ट्यांच्या पेट्या व खरखरीत अक्षरे कोठून आली, हे थोड्यांस ठाऊक असते. इतारचा शिष्य सेगँ याने मागे पडलेल्या मुलांसाठी शिक्षणसाधने रचली. माँटेसोरीबाईंनी या दोघांचे ग्रंथ अभ्यासून रोममधील अशाच मुलांवर ती रीत चालविली, आणि मग १९०७ साली बालगृह उघडून इतर मुलांस दिली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम मांडले तेही याच परंपरेतले. म्हणजे ज्या मुलांमुळे ही साधने जन्मास आली, त्यांनाच पुढे कित्येक बालमंदिरांनी ‘आमच्याकडे जमणार नाही’ म्हणून दारातून परत पाठविले!

इतारला एक गोष्ट उमगली होती: वय वाढत जाते तसे शिकणे अवघड होते, आणि व्हिक्टर त्याच्या हाती उशिरा आला होता. आपल्याकडे मूल तीन वर्षांचे होऊन बोलत नसले, तर घरातील वडील मंडळी म्हणतात, “याचा बापही उशिराच बोलला.” कित्येकदा ते खरेही ठरते. परंतु तपासून घेण्यात काय जाते? २०१३ पासून सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंब हा तपासणीचाच विषय आहे. तपासून आणलेल्या मुलाचे पुढील काम मात्र वैद्याचे थोडे आणि घरच्या बाईचे फार असते. तिच्या मदतीस कोण येतो, याविषयी आमच्या कथाकादंबऱ्या अजून बहुधा मुक्याच आहेत.

इतारने पुढे आपले लक्ष बहिऱ्या मुलांकडे वळविले. व्हिक्टरच्या सांभाळासाठी गेराँबाईंस सालिना १५० फ्रँक मिळत. शाळा सुटल्यावर तो त्यांच्याच घरी, जवळच्या एका बोळात राहिला, व १८२८ साली, सुमारे चाळिशीत, तेथेच वारला. त्या वर्षांचा तिसरा अहवाल नाही.