रंग माणसाचा की निर्णयाचा?

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. पत्त्यांच्या खेळावरून स्वभाव ओळखायचा! पण थोडं थांबा.

१९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञाचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ बाजारात आला. त्यात पाच रंग आहेत. पांढऱ्याला शांतता हवी, ती नियमांतून. निळ्याला परिपूर्णता हवी, ती ज्ञानातून. काळ्याला सत्ता हवी, संधी साधून. तांबड्याला मोकळीक हवी, थेट कृतीतून. हिरवा निसर्गक्रमाशी जुळवून घेतो. चक्रात शेजारचे रंग मित्र, समोरचे वैरी. खेळणारी पोरं आता एकमेकांना विचारतात, ‘तू कोणत्या रंगाचा?’

या मांडणीचा मोठा गुण सांगतो. आपल्याकडे सत्त्व, रज, तम आहेत, पण ती शिडी आहे, तम खालीच. इथे शिडी नाही. काळ्यालाही गुण आहे : स्वतःच्या हिताची जबाबदारी तो दुसऱ्यावर टाकत नाही. पांढऱ्यालाही दोष आहे : शिस्तीपायी तो माणूस चिरडू शकतो. माणसाला काय हवंय आणि ते तो कोणत्या वाटेनं मिळवतो, हे दोन प्रश्न ही मांडणी वेगळे ठेवते. हे फार कामाचं आहे.

आता तिला आपल्याच मातीत घासून बघू. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार घ्या. तेव्हा आजच्या सांगलीचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. ७ जून १९४३ ला जी. डी. बापू लाडांच्या तुफान सेनेनं शेणोलीजवळ रेल्वेगाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम लुटली. हा धगधगीत तांबडा. पण त्याच प्रतिसरकारनं गावोगाव न्यायनिवाडे केले, कमी खर्चाची लग्नं लावली. हा झाला पांढरा. चक्रात हे दोघे वैरी! खेळात वैरी रंगही एका हातात घेता येतात, हे खरं. पण मग सांगा, त्या कार्यकर्त्यांचा ‘स्वभाव’ कोणता? कायदा मोडणं आणि कायदा करणं, दोन्ही त्या वेळची गरज होती. रंग कामाला होता.

म्हणून माझा आक्षेप रंगांवर नाही, त्या प्रश्नावर आहे. ‘वर्ण’ म्हणजे रंगच की हो! माणसाला एकदा रंग चिकटवला की काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. खेळातला रंग निवडता येतो, बदलता येतो. पण आठवीतल्या पोराला ‘तू काळाच, मतलबी’ असं रोज म्हटलं, की तो रंग जन्माचा होतो.

तेव्हा रंग जरूर वापरा, पण निर्णयाला लावा. सोसायटीच्या सभेत, घरच्या वाटणीत स्वतःला विचारा : आत्ता मी कोणत्या रंगानं बोलतोय? आणि समोरच्याचा रंग मला वैरी का वाटतोय?