तांबड्या सदऱ्याचा खेळ आणि खेळणारांचे शेरे

संगणकावरील खेळाचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत कशासाठीं, असें आमचे कांहीं जुने वाचक विचारतील हें आम्हांस ठाऊक आहे. त्यांस आमचें उत्तर असें कीं, ज्या कृतींत पात्रें आहेत, प्रसंग आहेत, विनोद आहे आणि त्या विनोदाचा रोख समाजावर आहे, ती कृति छापील पानावर आहे कीं कांचेच्या पडद्यावर, हा भेद परीक्षणकारानें मानण्याचें कारण नाहीं. शिवाय गेल्या दिवाळींत चंद्रपुरास ज्या स्नेह्यांच्या घरीं आम्ही उतरलों होतों, तेथें हाच खेळ रोज रात्रीं चाले. चार रात्री आम्ही तो पाहिला, थोडा खेळलोंही. आणि मग, तो खेळलेल्या देशोदेशींच्या लोकांनीं त्याजवर लिहिलेले शेरे वाचावयास घेतले. खरें सांगावयाचें तर खेळापेक्षां या शेऱ्यांनींच आम्हांस अधिक विचारांत पाडलें.

खेळाचें नांव 'रेडशर्ट', म्हणजे तांबडा सदरा. इंग्लंडांत मितू खंदकार या विदुषीनें 'द टायनिएस्ट शार्क' या आपल्या छोटेखानी संस्थेमार्फत तो रचला, 'पॉझिटेक गेम्स'नें प्रसिद्ध केला, आणि २०१३ च्या नोव्हेंबरांत तो विक्रीस आला. नांवाचा उगम 'स्टार ट्रेक' (१९६६ ते १९६९) या अमेरिकन चित्रवाणीमालिकेंत आहे. त्या मालिकेंत नायकांबरोबर परग्रहावर उतरणारा एखादा तांबड्या सदऱ्याचा शिपाई, प्रसंगाचें गांभीर्य प्रेक्षकांच्या मनावर ठसावें एवढ्याचसाठीं, आरंभींच प्राणास मुके. आणि हें इतक्या वेळां घडलें कीं 'तांबडा सदरा' हा शब्द मरण्यासाठींच आणलेल्या पात्राचा वाचक होऊन बसला. नायकाची गोष्ट पुष्कळांनीं सांगितली, आतां या शिपायाची सांगूं, अशी खंदकार यांची कल्पना. कल्पना उत्तम आहे यांत शंका नाहीं.

हा शिपाई 'मेगालोडॉन-९' नामक अंतराळस्थानकावर अगदीं खालच्या पायरीच्या, पुसापुशीच्या नोकरीवर रुजू होतो. तेथें त्यानें तोफा डागावयाच्या नसतात कीं राक्षस मारावयाचे नसतात. सारा व्यवहार 'स्पेसबुक' नांवाच्या पानावर चालतो. हें फेसबुकाचें सोंग होय हें सांगावयास नकोच. दिवसांतून मोजक्याच कृति करतां येतात: कोणाच्या मजकुरास 'लाईक' द्यावयाचें, कोणाशीं मैत्री जोडावयाची, कोणास जेवावयास न्यावयाचें, कोणाशीं प्रेमसंबंध जाहीर करावयाचा. यांतूनच बढती मिळते. कारण वरच्या जागेसाठीं अंगांत कसब जितकें लागतें तितकीच वरच्यांची मर्जी लागते. मधून मधून मोहिमेवर जाण्याचा प्रसंग येतो, आणि तेथून परत येण्याची हमी नसते. ज्यांनीं एखाद्या वीजकेंद्राच्या किंवा कोळशाच्या खाणीच्या वसाहतींत बालपण घालविलें आहे, ते हें वाचून गालांतल्या गालांत हंसतील. हुद्द्याप्रमाणें घर, घराप्रमाणें ओळखी, आणि साहेबांकडील वाढदिवसाचें बोलावणें कोणास आलें व कोणास नाहीं याची दुसऱ्या दिवशीं नळावर चौकशी! हें पाहण्यासाठीं अंतराळांत जाण्याची आवश्यकता चंद्रपूरकरांस तरी नाहीं.

आतां शेऱ्यांकडे वळूं. हा खेळ 'स्टीम' या दुकानीं विकला गेला. तेथें प्रत्येक शेऱ्याच्या माथ्यावर दोन गोष्टी असतात: 'घ्या' म्हणून वर केलेला अंगठा किंवा 'घेऊं नका' म्हणून खालीं केलेला अंगठा, आणि लिहिणारा मनुष्य किती तास खेळला त्याचा आंकडा. त्याखालीं मनुष्यानें कितीही बारीक विवेचन करावें. शेंडीला अंगठाच बांधलेला. ज्या खेळानें अंगठ्याच्या सत्तेची टर उडविली, त्याचा निवाडा पुन्हा अंगठ्यानेंच व्हावा, ही गंमत मूळ कृतींतील पुष्कळ विनोदांपेक्षां सरस आहे असें आम्हांस वाटतें.

अनुकूल शेरे बहुधा एकच सांगतात: थट्टा नेमकी आहे, मालिकांच्या भक्तांसाठीं ठिकठिकाणीं खुणा पेरलेल्या आहेत, पहिले कांहीं तास मौजेंत जातात. प्रतिकूल शेऱ्यांचीही तक्रार एकच: त्याच त्या कृति, तींच तीं बोलणीं, माणसांची नांवें व चेहरे निराळे, पण आंत सारे एका सांच्याचे, नातीं म्हणजे केवळ आंकडे. यावर खेळाचे कैवारी म्हणतात कीं, अहो, हाच तर उपहास! समाजमाध्यमांवरील जिणें असेंच कंटाळवाणें आहे, तें कंटाळवाणें दाखविलें यांत चूक कोणती?

हा युक्तिवाद आम्हांस मुळींच मान्य नाहीं, आणि तो केवळ या खेळापुरता नसल्यामुळें येथें थोडें थांबणें जरूर आहे. कंटाळा दाखविणें निराळें आणि कंटाळा आणणें निराळें. चि. वि. जोश्यांचा चिमणराव ज्या संसारांत वावरतो त्याहून अधिक सामान्य संसार शोधूनही सांपडावयाचा नाहीं. तरी तो वाचतांना कोणाच्या जांभया ऐकूं आल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर तर आमच्याच विदर्भांतले. त्यांचे सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तिघेही एकाच समाजाचे, एकाच थट्टेचे वांटेकरी. परंतु त्यांच्या गोष्टी वाचकाच्या स्मरणांत राहतात त्या या माणसांमुळें, आणि रूढींवरील टीका त्यांच्या पाठोपाठ येते. 'रेडशर्ट'मध्यें नेमकें हेंच घडत नाहीं. टीका लक्षांत राहते, माणूस एकही राहत नाहीं. स्थानकावर इतके जण भेटले, पण पांचव्या दिवशीं त्यांतील एकाचेंही नांव आम्हांस सांगतां येईना. तेव्हां प्रतिकूल शेरे लिहिणारांचें म्हणणें बव्हंशीं रास्त आहे. आमची त्यांजवर एकच कुरकुर आहे: जो मनुष्य कित्येक तास खेळून 'कंटाळवाणा' असा शेरा मारतो, त्यानें आपण इतके तास उठलों कां नाहीं हेंही लिहावयास हवें होतें. तेवढें एक वाक्य त्याच्या साऱ्या तक्रारीहून मोलाचें ठरलें असतें.

शेरे वाचतांना आम्हांस वारंवार आठवण होत होती ती झाडीपट्टीच्या प्रेक्षकांची. चंद्रपुराचा पूर्वभाग, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. धान निघतें, गांवोगांवीं मंडई भरते, आणि देसाईगंज-वडसा येथें बिऱ्हाडें केलेल्या नाटकमंडळ्यांच्या गाड्या रस्त्यास लागतात. रात्रीं सुरू झालेलें नाटक पहांटेपर्यंत चालतें. पुण्यामुंबईच्या विद्वानांनीं या रंगभूमीकडे फार उशिरां पाहिलें. परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली ती २०२३ सालीं, पण त्यांच्या विनोदास या मुलखानें आपला अंगठा कित्येक दशकें आधींच दिला होता. येथील प्रेक्षकाचा शेरा नटास त्याच क्षणीं ऐकूं येतो. पद रंगलें तर 'वन्स मोअर', न रंगलें तर चहाच्या टपरीकडे चाललेल्या माणसांची रांग. दुसऱ्या दिवशीं धुऱ्यावर बसून जी चर्चा चालते ती आम्हीं ऐकलेली आहे. "बाप झाला त्यानं काम बरं केलं, पण मरतांना लय वेळ लावला," हा एका शेतकऱ्याचा अभिप्राय. यांत 'घ्या' नाहीं, 'घेऊं नका' नाहीं. एक नट, एक प्रसंग आणि त्याचें माप, एवढेंच आहे. परीक्षण म्हणतात तें याहून कांहीं फार निराळें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. अर्थात् या प्रेक्षकाची आरती ओंवाळण्याचा आमचा हेतु नाहीं. नाटकाच्या मध्यें नाच घुसडा हा आग्रहही त्याच्यांतूनच उठतो, आणि मंडळ्यांचे चालक तो बिनतक्रार पुरवितात.

खेळांतील एका गोष्टीचा उल्लेख केल्याविना पुढें जाववत नाहीं. खेळणारानें कोणत्या जातीचा जीव व्हावयाचें हें त्यास निवडतां येतें, आणि त्यांत एक जात केवळ स्त्रियांची आहे. जुन्या अंतराळकथांतील शोभेच्या बायकांवरची ती टीका होय. आमच्या यजमानांच्या चिरंजीवानें थट्टेखातर ती निवडली. दुसऱ्याच रात्रीं, नको असलेल्या सलगीला व आगंतुक प्रशंसेला तो इतका विटला कीं खेळ पुन्हा पहिल्यापासून मांडावयास निघाला. त्याची थोरली बहीण शेजारीं बसून होती. ती म्हणाली, "मला नाहीं बदलतां येत." खेळाच्या अंगीं जें बळ आहे तें येथें दिसतें. लेखिकेनें सर्वत्र एवढें धारिष्ट दाखविलें असतें तर वरची बरीच तक्रार आम्हांस करावी लागली नसती.

राहतां राहिलें मरण. शेऱ्यांत सर्वांत आनंदानें लिहिलेलीं वाक्यें मरणाविषयींचीं आहेत. कोण कसा मेला, बढतीच्या आदल्या दिवशीं कसा मेला, हें सांगतांना लिहिणाराची लेखणी खुलते. आणि परदेशांत, दिवाणखान्यांत बसून, तें विनोदी वाटत असेल हें आम्हांस समजतें. पण तेंच वाक्य चंद्रपुरांत वाचतांना आम्हांस हंसूं आलें नाहीं. २० नोव्हेंबर २०२१ रोजीं ताडोबाच्या जंगलांत, वाघांच्या गणनेसाठीं पायीं खुणा नोंदवीत चाललेल्या एका महिला वनरक्षकावर वाघिणीनें झडप घातली आणि तिचा अंत झाला. बरोबर तीन मजूर होते. १ मे २०१९ रोजीं, महाराष्ट्रदिनीं, गडचिरोलीच्या कुरखेडा भागांत जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटांत १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. बाहेरच्या वृत्तपत्रांतून हीं माणसें बहुतेक आंकड्याच्या रूपानेंच वाचकांपर्यंत पोंचलीं. वनरक्षक काय, शिपाई काय, गाडीचा चालक काय, मोहीम आखणारा निराळा आणि मोहिमेवर जाणारा निराळा, ही व्यवस्था अंतराळांत शोधण्याची गरज नाहीं.

यावरून मरण हा विनोदाचा विषयच नव्हे असा सिद्धांत आम्ही मांडीत नाहीं. उलट खंदकार यांचा विनोद मेलेल्यावर नसून, ज्यांच्या कथेसाठीं तो मरतो त्यांजवर आहे, हें आम्हांस स्पष्ट दिसतें, आणि त्याबद्दल त्यांचें कौतुक आहे. आमचा आक्षेप बांधणीवर आहे. या खेळांत मेलेला पुन्हा पहिल्या दिवसापासून उभा राहतो. मरणाची किंमत गेलेल्या तासांएवढी. त्यामुळें ज्या शिपायास खेळानें मालिकेच्या कडेवरून मध्यभागीं आणलें, त्यास खेळणारा पुन्हा कडेला नेऊन ठेवतो. शेऱ्यांतील तो आनंद खेळणारांच्या निर्दयपणाचा पुरावा नव्हे. तो रचनेंत राहिलेल्या भोंकाचा पुरावा आहे, आणि एकाही शेऱ्यांत तें भोंक कोणी दाखविलेलें आमच्या पाहण्यांत आलें नाहीं.

दाखविलें तें आमच्या यजमानीणबाईंनीं. त्यांचे यजमान वनखात्यांत आहेत, आणि दिवाळीच्या दिवसांतही ते घरीं नव्हते. चौथ्या रात्रीं चिरंजीवांचा तांबडा सदरा मोहिमेवर कामास आला. मुलांनीं एकच हंशा केला. बाई चकल्यांचा डबा घेऊन बाहेर आल्या, पडद्याकडे थोडा वेळ पाहत उभ्या राहिल्या आणि त्यांनीं विचारलें, "मंग त्याच्या जागेवर अनुकंपेत कोण लागलं?"

खेळांत तसें कांहीं नसतें, असें मुलानें सांगितलें.

"बायको-पोरं नाहीत का त्याले? मंग कायचा खेळ आहे हा," असें म्हणून त्यांनीं डबा आमच्यापुढें ठेवला व त्या आंत गेल्या.